संवत २१०१ ची पानं

कऱ्हाडात माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायची पद्धत आहे. मी बिबट्या म्हटलं की लोक बोका धरतात, महापूर म्हटलं की गुडघाभर पाणी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता जे सांगतोय त्यातलं काही वजा करू नका. वाढवून सांगायला मन स्वस्थ लागतं, आणि त्या खंडेनवमीला सकाळी साडेदहा ते दुपारी तीन माझं मन कुठं होतं ते मला आजही सापडलेलं नाही.

मी दिलीप थोरवत, तेव्हा आठव केंद्रातला वायरमन. लोक नाना म्हणतात. केंद्रात माझी बायको उज्ज्वला रोज सकाळी यायची आणि संध्याकाळी माझ्याबरोबर घरी जायची. त्या खंडेनवमीच्या चार वर्षं आधी तिला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण डोक्यात घडलेल्या गोष्टी साठवून ठेवणारा जो बारकासा भाग असतो, तो गेला. बोलणं शाबूत, शब्दांचे अर्थ शाबूत, भाकरी पहिल्यासारखी गोल. फक्त आयुष्यात घडलेलं काही म्हणून शिल्लक नाही. काल नाही, लग्न नाही, माहेर नाही.

अशा माणसांसाठी हे केंद्र. डाव्या कानामागे कातडीखाली चिप बसवायचे, नखाएवढी. ती त्या गेलेल्या भागाचं काम करायची. घडलेल्या एकेका गोष्टीला तिथं 'पान' म्हणत. चिपमध्ये मावायची अलीकडची काही हजार पानं, सगळी मिळून सर्व्हरवर. आणि सर्व्हर एक नाही, पाच: कऱ्हाड, चिपळूण, लातूर, जळगाव, गोंदिया. गंमत अशी की उजूच्या डोक्याला यातलं एकही गाव ठाऊक नव्हतं. त्याला पत्ता ठाऊक एकच. 'आठव', त्याच्या आत 'उज्ज्वला', त्याच्या आत 'लग्न'. ती कऱ्हाडात असली की कऱ्हाडचं यंत्र ते पान काढून द्यायचं, बहिणीकडे चिपळूणला गेली की चिपळूणचं. दार एक, खोल्या पाच, आणि पाचही खोल्यांत सामान तेच. एका खोलीत एक पान बदललं की मिनिटाभरात उरलेल्या चारांत तसंच बदलायचं. एखादं यंत्र बंद पडलं तरी कुणाचं बालपण बंद पडायचं नाही.

आता पाच ठिकाणी सामान ठेवायचं म्हटलं की भांडण आलंच. एकाच पानाच्या दोन निराळ्या प्रती सापडल्या तर खरी कुठली? त्याला नियम होता: जिच्यावरची तारीख नंतरची, ती खरी. दुसरी हरली. चिपलाही हाच नियम. माणूस काही आठवायला गेला की चिप आधी सर्व्हरला विचारणार, "माझ्याकडच्या पानापेक्षा नवं आहे का तुझ्याकडे?" असलं तर ते घेणार, आपलं टाकणार, आणि मग माणसाला आठवणार. हे सगळं होतं तेव्हा त्या माणसाची डावी पापणी बारीकशी उडते. नवख्याला दिसायचं नाही. मी तीन वर्षं त्या पापणीकडे बघत होतो.

सुरुवातीला चिप कोरी असते. पहिली पानं घरच्यांनी सांगून लिहून घ्यायची. मी अकरा दिवस सांगत होतो. माझ्यासारख्याला कोरी पाटी मिळाली, आता काय सांगू. लग्नाच्या वरातीत बिबट्या आला आणि मी त्याला फेट्यानं हाकलला, हे त्यात होतं. कोयनेच्या पुरातून मी उजूला पाठीवर घेऊन आलो, हेही होतं. लिहून घेणारी बाई हसत हसत लिहायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "मुलंबाळं?"

आम्हाला एक मुलगी, प्रणिता. सर्व्हरचंच शिकलेली. माझ्या मनाविरुद्ध बंगळूरला गेली, तिथल्या एका मुलाशी नोंदणी लग्न केलं आणि मला फोनवर कळवलं. त्या रागात मी उजूचं आजारपण तिला एकोणीस दिवस सांगितलं नाही, आणि पुन्हा गावभर "लेक आली नाही" म्हणत फिरलो. तर त्या बाईला मी म्हणालो, "लिहा, मूलबाळ नाही. पण आम्ही दोघं सुखात आहोत." उद्या बदलू म्हटलं. दुसऱ्या दिवशी बिबट्याची गोष्ट रंगली.

चार महिन्यांनी प्रणिता आली. उजूनं तिला पाणी दिलं आणि विचारलं, "कुणाच्या तुम्ही?"

प्रणितानं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याबद्दल काही सांगत नाही. मग ती आईजवळ बसली आणि म्हणाली, "आई, मी प्रणू. सर्व्हरची चूक झालीय, माझं पान हरवलंय." आयुष्यात तिनं मारलेली ही एवढी एकच थाप, आणि ती माझ्यासाठी. पुढं नवऱ्याला घेऊन कऱ्हाडात राहायला आली, केंद्रातच नोकरी धरली आणि तीन वर्षांत आईच्या डोक्यात एकेक पान करत स्वतःला परत आणलं. दीडशेच्या वर पानं, सगळी 'मुलंबाळं' या एका पानातून उघडणारी. माझ्याशी बोलायची, चहा द्यायची, नाना म्हणायची. त्या विषयाचं अक्षर काढलं नाही. भांडली असती तर मी चार गोष्टी रचून सुटलो असतो.

तर खंडेनवमी. केंद्रात त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडायची आमची रीत. माझे पाने, पक्कड, टेस्टर, स्वयंपाकघरातल्या विळ्या, डॉक्टर शिरोळकर मॅडमचा स्टेथोस्कोप, आणि सर्व्हरच्या कपाटाला झेंडूचा हार. पूजा सांगायला वॉर्डात काम करणारे अण्णा गुरव. मी स्टोअरमधून ऊद आणायला गेलो तर कोपऱ्यात गोणपाटाखाली जुना सर्व्हर दिसला. केंद्राचं पहिलं यंत्र. मी वायर ओढलेलं. नवं आलं तसं, प्रणिता कऱ्हाडात यायच्या आधीच, बाजूला ठेवलेलं. मला वाईट वाटलं. आज बोथट कात्रीलासुद्धा गंध, आणि ही म्हातारी अंधारात.

अण्णा म्हणाले, "नाना, हिला हार कशाला? ही मेलेली."

"तुम्ही तरी कुठं फार जिवंत आहात, अण्णा. तुम्हाला घालतोच ना दरवर्षी."

"चालते का पण?"

"बघू की. हत्यार चालवून मग ओवाळावं."

मी प्लग खोचला. जुन्या सवयीनं नेटवर्कची निळी वायरही खोचली. हात विचारून काम करत नाहीत. पडदा उजळला आणि यंत्रानं तारीख विचारली. आतला घड्याळाचा सेल संपला होता, म्हातारीला दिवस समजेना. मला चेव आला. म्हटलं, "पूजेच्या दिवशी इंग्रजी साल कशाला? अण्णा, पंचांगात बघा, शके किती?"

"एकोणीसशे सदुसष्ट."

टाकलं. यंत्र म्हणालं, असं साल चालणार नाही. तिचा जन्मच त्यानंतरचा, ती कशी मानणार.

"संवत?"

"एकवीसशे एक."

टाकलं. यंत्रानं मुकाट घेतलं.

"बघा अण्णा, शालिवाहनाला विचारत नाही, विक्रमाला मानते." आम्ही दोघं हसलो. मी हार घातला, कुंकू लावलं, ओवाळलं. बाहेर जग दोन हजार पंचेचाळीसमध्ये होतं. आत ही म्हातारी छप्पन्न वर्षं पुढं जाऊन बसली होती.

मला जे ठाऊक नव्हतं ते असं. जागी झाली की आपल्याजवळचं प्रत्येक पान तपासून त्यावर आजची तारीख टाकायची तिची जुनी खोड. आणि तिला बाजूला ठेवताना पाचांच्या यादीतून तिचं नाव कुणी काढलेलंच नव्हतं. म्हणजे पत्ता तोच, दार तेच, फक्त आत तीन वर्षांपूर्वीची पानं, आणि प्रत्येकावर तारीख संवत २१०१ ची. तिच्यापुढं कोण टिकणार? उरलेल्या यंत्रांनी नियम पाळला. सगळ्यांनी आपापली पानं टाकली आणि तिची घेतली.

मी प्रसादाचं ताट घेऊन मोठ्या हॉलमध्ये आलो. चाळीस-एक्केचाळीस माणसं, सणाचा दिवस म्हणून घरचीही आलेली. खिडकीपाशी हणबर गुरुजी बसले होते, शाळेतून निवृत्त, फार शिस्तीचे. त्यांनी माझ्या हातातली वडी घेतली आणि विचारलं, "थोरवत, सुमन डबा घेऊन आली नाही अजून?"

सुमनबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं. गुरुजींना ते पक्कं ठाऊक होतं, त्यांनीच वर्षश्राद्ध घातलं होतं. मला वाटलं थट्टा. गुरुजी थट्टा करत नसत.

पलीकडे एका आजीनं आयाला हाक मारली ती दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या आयाच्या नावानं. भिंतीकडचा एक जण आपल्याच सुनेला "ही बाई कोण?" विचारत होता. कुणी ओरडत नव्हतं. सगळे शांतपणे, हसतमुखानं तीन वर्षं मागं चालले होते. जिकडं बघावं तिकडं डाव्या पापण्या उडत होत्या. मी ताट खाली ठेवलं.

प्रणिता धावत आली. "नाना, स्टोअरमध्ये काय चालू केलंत?"

मी जाऊन वायर उपटली. अकरा मिनिटं झाली होती. तेवढ्यात चिपळूणहून फोन आला, मग लातूरहून, आणि गोंदियाचा आला तेव्हा पलीकडचा माणूस रडत होता.

"आता बंद केली ना," मी म्हटलं.

"ती बंद झाली. तिची पानं पाची ठिकाणी पोचली." प्रणिता उभ्याउभ्या पडद्यावर बघत होती. "हरलेली पानं सर्व्हर थोडा वेळ एका फोल्डरमध्ये ठेवतो. तो भरला की जुनी फेकतो. एवढी पानं एकदम हरली की तो दोनदा भरून रिकामा झालाय."

"मग सगळंच बंद कर."

शिरोळकर मॅडम म्हणाल्या, "गेल्या वर्षी वीस मिनिटं लाईन गेली होती, नाना. दोघांना झटके आले. चिपला उत्तर मिळालं नाही की मेंदू चाचपडतो. एका वेळी एकाचीच लाईन तोडता येईल, तीही मी शेजारी बसून."

"चिपमध्ये आहे अजून," प्रणिता म्हणाली. "ज्यांनी ते पान सकाळपासून आठवलं नाही त्यांच्या चिपमध्ये ते जसंच्या तसं आहे. एकेकाची लाईन तोडायची, चिपमधली पानं 'हीच खरी' म्हणून वर चढवायची, तारीख न बघता. माणशी सहा मिनिटं." तिनं तीच रीत चारी गावांना फोनवर सांगितली. मग माझ्याकडे वळली. "तोवर कुणी काही आठवता कामा नये. जे आठवेल ते जाईल."

"अगं, माणसाला आठवू नको म्हटलं की तो तेच आठवणार."

"म्हणून जे कधी घडलंच नाही ते ऐकवायचं. त्याला पान लागत नाही." तिनं लॅपटॉप काखेत मारला. "ते तुम्हाला येतं."

तीन वर्षांत तिनं त्या जखमेला पहिल्यांदा बोट लावलं, आणि तेही घाईत.

"आईला आधी घे," मी म्हणालो.

"आईचा नंबर अडतीस आहे."

"प्रणे, ती तुझी आई आहे."

"पहिल्या नंबरलाही कुणीतरी आहे, नाना." ती लॅपटॉप घेऊन एक नंबरच्या खुर्चीकडे गेली.

मग मी त्या हॉलमध्ये खोटं बोलण्याचा वर्ग घेतला. हसू नका. एकेका नातेवाइकाला कोपऱ्यात घेऊन सांगत होतो, "खरं एक अक्षर नको. लग्न नको, घर नको, पोर नको, सण नको, नदी नको, खाणं नको. तुमच्या माणसानं कधी पाहिलं नसेल असलं काहीतरी रचा." लोकांना खोटं बोलता येत नाही हो. एक जावई बिचारा "एक राजा होता" म्हणाला आणि घाम पुसत बसला. एका बाईनं चंद्रावरच्या शिंप्याची गोष्ट काढली आणि तिच्या सासूची पापणी उडाली. त्या घराण्यात चार पिढ्या शिवणकाम होतं. जो शब्द उच्चारावा त्याला कुणाचं तरी आयुष्य चिकटलेलं.

मिसाळबाईंचा नवरा थरथरत होता. काहीतरी बिनसलंय हे त्याला कळत होतं. बाईंना राहवलं नाही. त्याचा हात धरून म्हणाल्या, "घाबरू नका हो. दारू सोडली त्या आठवड्यातही तुम्ही असेच कापत होता. निघालात ना त्यातनं?"

पापणी उडाली. मिसाळांचं कापणं थांबलं. त्यांनी बायकोकडे बारीक डोळे करून पाहिलं आणि विचारलं, "बाटली कुठं ठेवलीस?"

त्या बाईंचा चेहरा सगळ्या हॉलनं पाहिला. नंतर जो तो जिवावर उदार होऊन थापा मारायला लागला.

मी उजूजवळ बसलो. निळं पातळ नेसली होती, केसात झेंडूचं एक फूल.

"काय चाललंय हो? सगळे असे का बोलतायत?"

"स्पर्धा आहे. सगळ्यात अचाट गोष्ट सांगायची."

"मग तुम्हीच जिंकणार," ती म्हणाली, आणि मी पापणीकडे पाहिलं, पण ती हलली नाही.

"एक होतं ढोमकूळ," मी सुरू केलं.

"ते काय असतं?"

"कुणाला ठाऊक नाही. त्यालाही नाही. जिथं खाली जमीन नाही आणि वर आभाळ नाही अशा ठिकाणी ते राहायचं."

"मग बसायचं कशावर?"

"बसायचं नाहीच. टेकायचं. स्वतःलाच."

ती हसली. मी पुढं निघालो. ढोमकूळ आवाज गिळायचं. लांबट आवाज, खरखरीत आवाज, कोपरे असलेले आवाज. एकदा त्यानं एक आवाज गिळला आणि तो घशातच बसला. खाली जाईना, बाहेर येईना.

"कसला आवाज होता?"

घुंगराचा म्हणावं तर तिच्या माहेरी बैल. भांड्याचा म्हणावं तर संसार. मी म्हटलं, "जो अजून कुणी काढलेला नाही असा."

माणूस सहा तास पाण्यात उभा राहू शकतो, ओझं वाहू शकतो. पण बायकोच्या डोळ्यात बघत, तिला काहीही न आठवू देता दोन-अडीच तास बोलत राहणं, हे करून बघा. माझी जीभ कोरडी पडली. पाणी मागायची भीती, पाण्याला पूर चिकटलेला. एकतीस नंबरपाशी प्रणिता होती. हात भराभर चालत होते, मान वर होत नव्हती.

ढोमकूळ घशातला आवाज बाहेर काढायला स्वतःलाच उलटं करतं, हे ऐकून उजू अशी हसली की तिच्या डोळ्यात पाणी आलं. पदरानं डोळे टिपत ती म्हणाली, "खरंच सांगते..."

डावी पापणी उडाली.

"...आपल्याला मूलबाळ असतं ना, तर त्याला ही गोष्ट फार आवडली असती. पण असू दे. आपण दोघं सुखात आहोत."

माझंच वाक्य. शब्द न शब्द. रागात उच्चारलेलं, बदलायचं राहून गेलेलं, तिच्या तोंडून, तिच्या मायेच्या आवाजात. मी हसलो. कसा हसलो ते विचारू नका. अण्णा जवळून चालले होते, त्यांच्या हातात मी एक चिठ्ठी कोंबली: 'आईचं तुझं पान गेलं.'

प्रणितानं ती चौतिसाव्या खुर्चीपाशी वाचली. तिनं वर पाहिलं, माझ्याकडे नाही, आईकडे. मग पाठीमागं काहीतरी खरडलं. अण्णांनी चिठ्ठी परत आणली. 'चिप हरलेलं शेवटचं एकच पान ठेवते. दुसरं हरलं की ते कायमचं जातं. आता एकही नको.' आणि ती पस्तिसाव्याकडे वळली.

मी मनात तिला वाईट शिवी दिली. मग तिचे हात दिसले. लॅपटॉपवर बोटं ठरत नव्हती, एक हात दुसऱ्यानं दाबून धरत होती. तरी पस्तिसाव्या माणसाची सहा मिनिटं तिनं पाच केली नाहीत.

"ती नर्स कोण हो?" उजूनं विचारलं. "मघाशी माझ्याकडे कशी बघत होती. रडवेली झालीय बिचारी."

"नवीन आहे," मी म्हटलं. "ढोमकुळाचं ऐक ना."

"सांगा की. उलटं झालं, मग?"

मग काय झालं ते मलाही ठाऊक नव्हतं. ढोमकूळ उलटं झालं तर आतली बाजू बाहेर आली आणि ती हिरवी नव्हती, पिवळी नव्हती, कुठल्याच रंगाची नव्हती. मी एकेक वाक्य अंधारात पाय टाकावा तसं टाकत होतो आणि दर वाक्यानंतर तिची पापणी बघत होतो. छत्तीस. सदतीस. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मी त्या चोवीस मिनिटांत मारली, आणि ती ऐकणाऱ्या माणसाला तिची किंमत ठाऊक नव्हती.

अडतीस. प्रणिता आईसमोर जमिनीवर बसली. शिरोळकर मॅडमनी उजूची नाडी धरली. लाईन तुटली.

उजूचा चेहरा पुसल्यासारखा झाला. माझ्याकडे बघत होती, पण ते बघणं भिंतीकडे बघावं तसं. हात हवेत काहीतरी शोधायला लागले. मी धरले तर सोडवून घेतले. अनोळखी माणसानं का धरावेत. मॅडम हळू आवाजात आकडे मोजत होत्या. प्रणिताच्या पडद्यावर हरलेलं ते एक पान वर आलं, तिनं ते पुन्हा जागेवर बसवलं, त्यामागोमाग बाकीची चढवली. सहा मिनिटं. मग लाईन जोडली.

पापणी उडाली. थांबली. पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

"प्रणू," उजू म्हणाली, "किती गार पडलेत गं हात तुझे."

प्रणितानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. जेमतेम क्षणभर. अजून तिघं राहिले होते. ती उठली आणि एकोणचाळिसाव्याकडे गेली.

त्या दिवशी कऱ्हाडात सहा जणांचं थोडंफार कायमचं गेलं. हणबर गुरुजींचं त्यात होतं. सुमनबाई गेल्या हे त्यांना पुन्हा सांगावं लागलं. सांगायला मी गेलो, दुसऱ्या कुणी जायचं कारण नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांदा दहा दिवस पाळले. मिसाळबाईंनी नवऱ्याची दारू पुन्हा पहिल्यापासून सोडवली. मला बघून तोंड फिरवतात, बरोबर आहे त्यांचं. केंद्रानं मला घरी बसवलं, तेही बरोबर.

पण तीन वाजता एक्केचाळीस पुरे झाले आणि प्रणिता परत येऊन आईशेजारी बसली, तिथं मला थोडं थांबायचंय. उजूनं तिच्या हातात प्रसादाची वडी दिली आणि म्हणाली, "मघाशी मला एक विचित्र झालं बघ. तू समोर होतीस आणि मला वाटलं, आपल्याला मूलच नाही. अगदी पक्कं आठवलं. कुणी सांगितल्यासारखं."

हरलेलं पान परत आलं होतं, पण मघाचा तो क्षणही घडलेलाच. त्याचंही एक पान झालं होतं, आजच्या तारखेचं.

"सर्व्हरची चूक, आई," प्रणिता म्हणाली. लगेच, सवयीनं. माझ्याकडे बघितलंही नाही.

मला फक्त गप्प बसायचं होतं. तीन वर्षं तेच केलं होतं.

"चूक सर्व्हरची नाही," मी म्हणालो. "ते मी लिहून घेतलं होतं. मूलबाळ नाही, असं मीच सांगितलं. रागात."

"नाना," प्रणिता हळूच म्हणाली.

"आणि बिबट्याही नव्हता, उजे. वरातीत कुत्रं शिरलं होतं, आणि ते तू हाकललंस."

उजूनं माझ्याकडे पाहिलं. पापणी उडाली नाही. या गोष्टीचं पान तिच्याजवळ नव्हतंच, ते आता होत होतं. तिनं केसातलं फूल काढलं, चुरगाळलं, पुन्हा सरळ केलं. प्रणिताचा हात सोडला नाही.

"त्या ढोमकुळाचं पुढं काय झालं ते आधी सांगा," ती म्हणाली. "ते संपलं की मग याचं बोलते मी तुमच्याशी."

येत्या खंडेनवमीला नऊ वर्षं होतील. आवाज अजून घशातच आहे. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की उजू समोर येऊन बसते, शेजारी बहुतेकदा प्रणिता असते, आणि उजू म्हणते, "हं, पुढं?" मी पुढं सांगतो. शेवट मला पहिल्या आठवड्यातच सुचलाय, चांगला आहे. सांगायची छाती होत नाही.